जसा वापर, तशी बॅटरी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात मराठी शाळेत मुलांना अंकगणित शिकवण्यात गेली. तेव्हा विद्युत्शास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. परंतु लॅपटॉपची बॅटरी हा आजचा विषय नीट पाहिला असता शास्त्राइतकाच हिशेबाचाही आहे, आणि हिशेब म्हटला की आम्हांस थोडा धीर येतो.

लॅपटॉपच्या बॅटरीसारखी क्षुल्लक वस्तू वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या घराघरांत पडलेले आहे. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा व महाविद्यालये बंद झाली, शिकवणे पडद्यावरून होऊ लागले, आणि ज्या कुटुंबांत संगणक कधी आला नव्हता अशा कुटुंबांनीही उसनवारी करून लॅपटॉप घेतले. त्या खरेदीला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ती यंत्रे पुष्कळशी अजून चांगली आहेत. पडदा उजळतो, कळा चालतात. थकली आहे ती बॅटरी. वायर काढली की दहा-पंधरा मिनिटांत यंत्र डोळे मिटते.

अशा वेळी घरात काय घडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. थोरल्या मुलासाठी नवा लॅपटॉप येतो आणि जुना धाकट्या बहिणीकडे जातो. यंत्र मिळाले, असे आपण म्हणतो. परंतु तिला मिळते ते भिंतीला बांधलेले यंत्र. वाचनालयात न्यावे तर तेथे प्लगजवळची जागा मिळत नाही. रात्री वीज गेली की अर्धवट लिहिलेला निबंध तसाच राहतो. वर्गात सादरीकरणाच्या वेळी ती आधी वायर शोधत फिरते. दोघा भावंडांच्या अभ्यासात केवळ काही हजार रुपयांच्या एका सुट्या भागामुळे अंतर पडावे, ही गोष्ट आम्हांस सलते. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीपुढेही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. निधीची शिल्लक मोजकी आहे. तीत थोड्या मुलांना नवे लॅपटॉप द्यावेत, की पुष्कळ मुलांच्या जुन्या लॅपटॉपांना नव्या बॅटऱ्या द्याव्यात? याचा निर्णय भावनेने न करता वापराच्या मोजमापाने करावा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम ही बॅटरी म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. आजच्या लॅपटॉपांत जी बॅटरी असते तिला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. सोनी या जपानी कंपनीने इ. स. १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना इ. स. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियम लागते. बहुतेक लॅपटॉपांच्या बॅटरीत कोबाल्टही लागते. लिथियमचा मोठा पुरवठा ऑस्ट्रेलियातील खाणींतून आणि दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या खाऱ्या मैदानांतून होतो. जगातील कोबाल्टचा बहुतांश भाग आफ्रिकेतील काँगो देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात हे जगजाहीर आहे. आपल्या टेबलावरील ती काळी चपटी वस्तू पाव किलोच्या आसपास वजनाची असते. पण तिच्यासाठी किती जमीन खणली गेली व किती हात झिजले, हे त्या वजनावरून कळत नाही. म्हणून गरज नसता मोठी बॅटरी घेणे, अथवा काम देणारी बॅटरी टाकून देणे, हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न राहत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, बॅटरी थकली म्हणून संबंध लॅपटॉप टाकणे हा त्याहूनही अधिक तोटा आहे. कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या हिशेबांवरून दिसते की, लॅपटॉपमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन वायूंचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तर तो तयार होतानाच गेलेला असतो. तेव्हा घरात आलेले यंत्र दोन-तीन वर्षे अधिक चालविणे, हीच या बाबतीतील सर्वांत सोपी काटकसर होय.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बॅटरीला मरण दोन वाटांनी येते. एक वाट वापराची. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन पूर्ण भरली म्हणजे तिची एक फेरी झाली असे धरतात. आज अर्धी वापरली, उद्या अर्धी वापरली, तर दोन दिवसांत मिळून एक फेरी होते. प्रत्येक वेळी वायर लावली की एक फेरी मोजली जाते, हा समज चुकीचा आहे. साधारणतः ३०० पासून १००० पर्यंत फेऱ्या झाल्यावर बॅटरीची धारकता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर उतरते. बॅटरी साधी की उत्तम, यावर हा आकडा अवलंबून असतो. आम्ही पुढील हिशेबांत ५०० फेऱ्या धरणार आहोत.

दुसरी वाट वयाची. बॅटरी मुळीच वापरली नाही, तरीही ती म्हातारी होतेच. आतील रसायने आपोआप झिजतात. ही झीज दोन कारणांनी वाढते: उष्णतेने, आणि बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवल्याने. जो लॅपटॉप वर्षभर टेबलावर वायर लावून १०० टक्के भरलेला असतो, त्याची बॅटरी कामावर न जाता घरी बसूनच थकत असते.

या दोन वाटा ध्यानात ठेवल्या की निवडीचे सूत्र हाती येते. ज्याचा लॅपटॉप फिरतीवर असतो, त्याची बॅटरी वापराने झिजते. त्याला मोठी बॅटरी उपयोगी पडते. ज्याचा लॅपटॉप टेबलावर असतो, त्याची बॅटरी वयाने झिजते; त्याने मोठी बॅटरी घेतली तर तिचा बराचसा भाग न वापरताच वाया जातो. घराच्या परसात विहीर असणाऱ्याला तांब्या पुरतो; दूरच्या वाटेला निघणाऱ्याला फिरकीचा तांब्या खांद्याला लावावा लागतो. दोघांनीही रांजण उचलून न्यावा, असे कोणी म्हणणार नाही.

मोजमापाचे एकक मात्र नीट समजून घेतले पाहिजे. दुकानात बॅटरीची ताकद पुष्कळदा मिलिॲम्पिअर-तासांत सांगतात, आणि तेथेच ग्राहक फसतो. एका बॅटरीवर ३६०० मिलिॲम्पिअर-तास आणि ११.४ व्होल्ट असे छापलेले असते. दुसरीवर ५४०० मिलिॲम्पिअर-तास आणि ७.६ व्होल्ट. दुसरी दीडपट मोठी, असे वाटते. पण गुणाकार करून पाहा: ३.६ ॲम्पिअर-तास गुणिले ११.४ म्हणजे ४१.०४, आणि ५.४ गुणिले ७.६ म्हणजेही ४१.०४. दोन्ही बॅटऱ्या अगदी सारख्या, ४१ वॅट-तासांच्या. म्हणून तुलना करावयाची ती वॅट-तासांत. हा आकडा बॅटरीवर व यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. साध्या लॅपटॉपांत तो ४० ते ६० च्या दरम्यान असतो, आणि खेळांसाठी अथवा चित्रफितींच्या कामासाठी असलेल्या मोठ्या यंत्रांत ९० च्या पुढे जातो. १०० च्या वर तो सहसा जात नाही, याचे एक कारण असे की विमानातून १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी खास परवानगीशिवाय नेता येते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते.

लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार, जमाखर्च अशा साध्या कामांत लॅपटॉप ताशी सुमारे ८ ते १० वॅट-तास वीज खातो. पडदा झगझगीत ठेवला, चित्रपट लावले अथवा जड कामे केली, तर अधिक. आता हिशेब असा करावा. दिवसांतून प्लगपासून दूर किती तास काम होते, ते प्रथम लिहून काढावे. त्यास ८ किंवा १० ने गुणावे. बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये म्हणून एक पंचमांश राखून ठेवावा. आणि काही वर्षांनी ती ८० टक्क्यांवर येणार, म्हणून आणखी एक पंचमांश सोडावा. म्हणजेच आलेल्या गुणाकारास ०.८ ने दोनदा, अर्थात ०.६४ ने, भागावे. जे उत्तर येईल तेवढ्या वॅट-तासांची बॅटरी आपणास पुरे.

तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण दुकानदाराचे. त्याचा लॅपटॉप गल्ल्याशेजारी कायम वायरीला लावलेला. वीज गेली तर दीड तास चालला म्हणजे झाले. दीड तास गुणिले १० म्हणजे १५ वॅट-तास, भागिले ०.६४ म्हणजे सुमारे साडेतेवीस. एवढी लहान बॅटरी बाजारात क्वचितच मिळते. म्हणजे लॅपटॉपात मिळणारी सर्वांत लहान बॅटरीही त्याला पुरून उरते. मोठी घेतली तर ती पाच-सहा वर्षांनी वयानेच थकणार. वरचे सारे वॅट-तास, म्हणजे वरचे सारे लिथियम व कोबाल्ट, कोणाच्याही कामी न येता संपणार.

दुसरे उदाहरण महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचे. वर्ग, वाचनालय, बसचा प्रवास मिळून प्लगपासून दूर चार तास. चार गुणिले ८ म्हणजे ३२, भागिले ०.६४ म्हणजे बरोबर ५०. तेव्हा ५० वॅट-तासांची बॅटरी तिला योग्य. ती दररोज ३२ वॅट-तास वापरील, म्हणजे दिवसाला ०.६४ फेरी. ५०० फेऱ्यांना सुमारे ७८० दिवस लागतील. वर्षातील अभ्यासाचे दिवस २२० धरले, तर साडेतीन वर्षे झाली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असो की त्याहून थोडा लांब, बॅटरी तिला पदवीपर्यंत पोहोचवील.

तिसरे उदाहरण गावोगाव फिरणाऱ्या विमा प्रतिनिधीचे अथवा सर्वेक्षकाचे. प्लगपासून दूर पाच तास, काम थोडे अधिक जड. पाच गुणिले १० म्हणजे ५०, भागिले ०.६४ म्हणजे ७८. त्याने ४० वॅट-तासांची बॅटरी घेतली, तर दररोज सव्वा फेरी होईल, दुपारी कोठे तरी प्लग शोधावा लागेल, आणि ५०० फेऱ्या ४०० दिवसांतच संपतील. ७८ ची घेतली तर ७८० दिवस जातील. धातूचा खर्च दोन्हीकडे जवळजवळ सारखाच पडतो. परंतु मोठ्या बॅटरीत दररोज तळ गाठावा लागत नाही, त्यामुळे तिचे आयुष्य हिशेबाहून थोडे अधिकच लाभते, आणि कामाचा खोळंबा टळतो तो वेगळाच. तात्पर्य, मोठी बॅटरी म्हणजे नेहमीच उधळपट्टी, असे मुळीच नाही. जो ती वापरतो त्याच्या हाती ती काटकसर आहे. जो वापरत नाही त्याच्या हाती ती उधळपट्टी आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. पण पाय लांब असतील तर अंथरूणही लांब हवे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि आमच्या मते आजच्या व्याख्यानातील ती सर्वांत महत्त्वाची आहे. ४२ वॅट-तासांची बॅटरी झिजून २१ वर आली की विद्यार्थिनीला ती निरुपयोगी होते, कारण चार तासांचे काम अडीच तासांत संपते. पण दुकानदाराला हवे आहेत केवळ १५ वॅट-तास. एक पंचमांश राखीव धरला तरी १९. म्हणजे जी बॅटरी मुलीसाठी संपली, ती वडिलांच्या दुकानासाठी अजून उत्तम आहे! मात्र ती फुगलेली नसावी, आणि चालता चालता यंत्र एकाएकी बंद पडत नसावे. आज पुष्कळ घरांत नेमके याच्या उलट चालते. नवा, भक्कम बॅटरीचा लॅपटॉप गल्ल्याशेजारी वायर लावून शोभेसाठी ठेवलेला, आणि थकलेला लॅपटॉप फिरतीवरच्या मुलीकडे. नवे काही विकत घेण्यापूर्वी घरातील यंत्रांची अदलाबदल करून पाहावी. कित्येकदा एक पैसाही न खर्चता प्रश्न मिटतो.

यासाठी आपल्या बॅटरीची आजची स्थिती माहीत असावी लागते. लॅपटॉप ती स्वतःच सांगतो. विंडोज प्रणालीत बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ धारकता आणि पूर्ण भरल्यावरची आजची धारकता, असे दोन आकडे येतात. दुसऱ्यास पहिल्याने भागावे व १०० ने गुणावे. शेकडा किती उरली ते कळते. ॲपलच्या मॅकबुकमध्ये फेऱ्यांची संख्याही दिसते, आणि अलीकडच्या मॅकबुकांसाठी कंपनीने १००० फेऱ्यांची मर्यादा सांगितली आहे. घरातील आठवी-नववीच्या मुलास हे काम सांगावे. शेकडेवारीचे याहून चांगले गणित त्यास पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

बॅटरीची निगा कशी राखावी, याविषयी चार शब्द. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या कराव्या लागत. तो नियम अजून पुष्कळांच्या मनात घर करून आहे. लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही; उलट वारंवार तळ गाठल्याने तिचे नुकसानच होते. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ती सुखात असते. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या अलीकडच्या लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय दिलेली असते. टेबलावर काम करणाऱ्याने ती सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी काढावी. लॅपटॉप गादीवर अथवा उशीवर ठेवू नये. त्याच्या पोटाखालची हवेची वाट बंद होते. वैशाखात विदर्भ-खानदेशातील उन्हात बंद मोटारीत तो ठेवणे म्हणजे बॅटरीला भट्टीत घालणेच होय. आणि महिनोन् महिने वापरावयाचा नसेल, तर सुमारे अर्धी भरून थंड जागी ठेवावा. पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी करून नव्हे.

बॅटरी बदलण्याची वेळ आलीच, तर केवळ स्वस्ताईकडे पाहू नये. लिथियम बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर ब्यूरोचे चिन्ह, आय. एस. १६०४६ हा मानकाचा क्रमांक, आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक आहे की नाही, हे चष्मा लावून वाचावे. व्होल्टेज मूळ बॅटरीशी जुळले पाहिजे. पावती मागून घ्यावी. नवा लॅपटॉपच घ्यावयाचा असेल, तर दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा: याची बॅटरी स्क्रू काढून बदलता येते काय, आणि ती स्वतंत्र विकत मिळते काय? डिंकाने चिकटविलेली बॅटरी असेल तर पुढे दुरुस्ती महाग पडते. ग्राहकाला दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने इ. स. २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टु रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने तर इ. स. २०२३ मध्ये असा नियम केला की, काही अपवाद सोडता, फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढून बदलता आल्या पाहिजेत. आपणही खरेदीच्या वेळी हाच आग्रह धरला, तर विकणाऱ्यास तो ऐकावाच लागेल.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. लॅपटॉपचे झाकण नीट बसेनासे झाले, बोट फिरविण्याची पट्टी वर उचलली गेली, अथवा तळ फुगीर दिसला, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा लॅपटॉप त्याच क्षणी बंद करून वायर काढावी, पुन्हा चार्ज करू नये, बॅटरीला टोचू वा दाबू नये, आणि जाणत्या कारागिराकडून ती काढून घ्यावी. येथे काटकसर करू नये. आग लागण्याचा धोका असतो. मघाशी आम्ही जुनी बॅटरी वापरा असे म्हटले, ते झिजलेल्या बॅटरीविषयी. फुगलेल्या बॅटरीविषयी नव्हे.

निकामी झालेली बॅटरी घरच्या केरात अथवा भंगारवाल्याच्या पोत्यात जाता कामा नये. इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जाहीर केले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांतील धातू पुन्हा काढून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि बॅटरी इतर केरापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देणे हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरविले आहे. लिथियम, कोबाल्ट, निकेल ही द्रव्ये पुन्हा वापरता येतात. एका घरातून वर्षाला फार तर एखादी बॅटरी निघेल. परंतु आपल्या संस्थेतील सर्व कुटुंबांच्या बॅटऱ्या संमेलनाच्या दिवशी एकत्र केल्या, तर अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे त्या नेणे सहज शक्य आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, पैसे आहेत तर मोठी बॅटरी घेण्यात वाईट काय? याचे उत्तर वर दिलेच आहे. पैसे आपले असले तरी खाणीतील धातू व त्यासाठी झालेले कष्ट आपले नसतात. शिवाय तोच पैसा अधिक चांगल्या पडद्यावर, अधिक स्मृतीवर अथवा पुस्तकांवर खर्चिला, तर त्याचा रोज उपयोग होईल. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. निधीतून मुलास जुना लॅपटॉप व नवी बॅटरी दिली तर त्याला कमीपणा वाटेल, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु आम्ही वर्षानुवर्षे वर्गात पाहिले ते असे की, कव्हर घातलेले जुने पुस्तक मिळाल्याने मुलास कमीपणा वाटत नाही. फाटक्या पानांचे मिळाले तर वाटतो. यंत्राचेही तसेच आहे. चांगले तपासलेले, स्वच्छ पुसलेले, चार तास बिनवायरीचे चालणारे यंत्र कोणत्याही मुलीने मानाने घ्यावे. कमीपणा आहे तो दहा मिनिटांत डोळे मिटणाऱ्या यंत्रात.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली: निधीच्या अर्जावर तीन प्रश्न छापावेत. दिवसातून प्लगपासून दूर किती तास काम होते, काम कोणत्या प्रकारचे आहे, आणि घरात आधीपासून कोणता लॅपटॉप आहे. यांवरून नवे यंत्र द्यावे की नवी बॅटरी, हे समितीस कळेल. दुसरी: ज्या कुटुंबांकडे न वापरलेले लॅपटॉप पडून आहेत त्यांनी ते संस्थेकडे द्यावेत, आपल्यातील जे तरुण या व्यवसायात आहेत त्यांनी वर्षातून एक रविवार देऊन ते तपासावेत, जुनी खाजगी माहिती पुसून टाकावी, आणि प्रत्येकावर बॅटरीची शेकडेवारी लिहून ठेवावी. तिसरी: भाऊ आणि बहीण अशा दोघांचे शिक्षण चालू असलेल्या घरातून अर्ज आला, तर जास्त फिरती कोणाची आहे हे विचारावे, आणि चांगली बॅटरी त्याला किंवा तिला द्यावी. वडीलकीवरून अथवा मुलगा-मुलगी या भेदावरून ते ठरवू नये.

नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने बॅटरीची किंमत लहान हिश्श्याएवढी असते. ज्या रकमेत निधी एका विद्यार्थ्यास नवे यंत्र देतो, त्याच रकमेत कित्येक विद्यार्थ्यांची यंत्रे पुन्हा चालती होतील. ज्यांना खरोखरच नव्याची गरज आहे त्यांना नवे द्यावे, याविषयी दुमत नाही. फक्त गरज मोजून द्यावे, एवढीच विनंती.

आपल्या वाडवडिलांनी कंदिलाचे तेल मोजून घातले, आणि त्याच उजेडात आपणास शिकविले. त्यांची ती मोजण्याची सवय आजच्या यंत्रांच्या बाबतीतही आपल्या उपयोगी पडावी.